तीन नंबरचा ठोका

ट्रकचं इंजिन दुरुस्त करणं वेगळं आणि ट्रकचं इंजिन बांधणं वेगळं. दुरुस्तीत बिघडलेलं तेवढं बदलतात. बांधायचं म्हणजे पार शेवटच्या बोल्टापर्यंत उघडायचं, धुवायचं, झिजलेलं टाकायचं, चालण्यासारखं ठेवायचं आणि रिकाम्या ब्लॉकपासून पुन्हा उभं करायचं. भिवंडीत, कामतघरच्या कडेला, माझ्या घराच्या अंगणात मी बरीच वर्षं हे काम केलं. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून नवीन काम घेत नाही. पण जुने ड्रायव्हर अजून फोन लावतात, फोन इंजिनाजवळ धरून आवाज ऐकवतात आणि विचारतात, "काका, काय वाटतं?" मला वाटतं, त्यांनी आधी फोन बदलावा.

धंद्यात माणसं एकेक भेटली. वाडा तालुक्याकडचा एक ट्रकमालक होता. त्याचं इंजिन अंगणात उतरलं की तोही अंगणातच मुक्काम ठोकायचा. आपले पिस्टन कुणी बदलून घेईल अशी त्याला भीती. शेवटी माझ्या बायकोने, सुमनने, त्याच्यापुढे कांद्यांची टोपली ठेवली आणि म्हणाली, "बसलाच हायसा तर चिरा." दुसरा एक जण पुसून ठेवलेल्या प्रत्येक पार्टला हळदकुंकू लावायचा. बेअरिंगला तरी लावू नकोस, हे त्याला समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटल्यावर असल्याच गमती लिहीन असं ठरवलं होतं. पण लिहायला बसलं की मन पहिल्या इंजिनाकडे जातं. त्यात गमतीचा भाग थोडा आहे.

तेव्हा मी मिस्त्री नव्हतो, ड्रायव्हर होतो. स्वतःचा एक जुना सहाचाकी ट्रक होता. वाड्याच्या बाजूने सुताच्या गोण्या आणायच्या, लूमच्या कारखान्यांत टाकायच्या, तिथून कापडाचे ताके उचलून पोचवायचे, हे माझं काम. गाडी जुनी, पण खात्रीची होती. म्हणजे मला तशी वाटायची.

एका दुपारी भरल्या गाडीने अंबाडीकडे येत होतो. पायाखालून कुणी घणाचा घाव घातल्यासारखा आवाज झाला, गाडी थरथरली आणि गप्प झाली. उतरून पाहिलं तर मागे रस्त्यावर तेलाची लांब रेघ. वाकलो. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, कुशीला हात जाईल एवढं भोक, आणि त्यातून कनेक्टिंग रॉडचं तुटकं टोक बाहेर आलेलं. शिलाई मशीनच्या पायडलपासून चाकापर्यंत जशी एक दांडी असते ना, तशीच ही. पिस्टन वरखाली होतो, त्याचं फिरणं ही दांडी करते. आमच्या लोकांत याला 'रॉड बाहेर आला' एवढंच म्हणतात. ऐकणारा ड्रायव्हर मग पुढचं काही विचारत नाही, खांद्यावर हात ठेवतो.

ब्लॉक फुटला म्हणजे ते इंजिन संपलं. दोन-तीन गॅरेजवाल्यांना विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, भंगार बाजारातून जुनं इंजिन आणा आणि बांधून घ्या. पण एवढ्या जुन्या मॉडेलला हात लावायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा मी अन्वर मिस्त्रीकडे गेलो.

अन्वरभाई निजामपुऱ्यातले. त्यांचं गॅरेज लूमच्या दोन कारखान्यांच्या मधे, चिंचोळ्या गल्लीत होतं. दोन्ही भिंतींपलीकडे दिवसरात्र खटखट, आणि मधे हा माणूस बंद डोळ्यांनी इंजिनावर कान ठेवून उभा. एवढ्या आवाजात त्यांना कुठला टॅपेट ढिला आहे ते बरोबर कळायचं. माझ्या गाडीचं लहानमोठं सगळं काम त्यांच्याच हातचं. पण त्या आवाजानेच हळूहळू त्यांचे कान खाल्ले. आधी गिऱ्हाइकं मोठ्याने बोलू लागली. मग ओरडू लागली. मग येईनाशी झाली. त्यातच मालकाने गाळा रिकामा करून घेतला आणि मिस्त्री घरी बसले.

मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मी हातवारे करून रॉड बाहेर आल्याचं सांगितलं. ते लगेच समजले. मी विचारायला गेलो होतो एवढंच, की जुनं इंजिन घेताना काय बघायचं. त्यांनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. उठून चप्पल घालत म्हणाले, "चल. मैं बांधेगा."

आतून त्यांचा मुलगा बाहेर आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दत्ताभाई, अब्बा से मत करवाओ. कुछ गलत हो गया तो?"

मिस्त्रींना शब्द ऐकू आले नव्हते, पण मुलाचा चेहरा दिसत होता. ते मोठ्याने म्हणाले, "कान गया है. हाथ नहीं गया."

आम्ही बाजारात गेलो. इंजिनांची नुसती रास होती. मिस्त्री एकेका इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा जड भाग, काढायला लावत, लाइनरच्या आत बोट घालत आणि वरच्या काठाखाली नख फिरवत. लाइनर म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन चालतो ते. नख जिथे अडकतं तिथे पायरी पडलेली असते, म्हणजे ते इंजिन खूप चाललंय. अशी नखं फिरवत संध्याकाळी त्यांनी एक निवडलं. काळं, तेलकट, उंदरांनी घर केलेलं. दुकानदारसुद्धा म्हणाला, "चाचा, इससे अच्छा दिखाता हूँ." मिस्त्रींनी मान हलवली आणि त्याच इंजिनावर हात ठेवून उभे राहिले.

गॅरेज नव्हतं, म्हणून इंजिन माझ्या अंगणात आलं. लोखंडी पाइपांची तिवई उभी केली, इंजिन उचलायला चेन कप्पी टांगली. पाऊस लागू नये म्हणून वर ताडपत्री बांधली. सुमनने घरातल्या दोन मोठ्या पराती दिल्या, एक डिझेलने पार्ट धुवायला आणि दुसरी धुतलेले ठेवायला. तेव्हापासून आमच्या घरी पीठ मळायला लहान परात आहे.

मला गाडी चालवता येत होती, इंजिन बांधता येत नव्हतं. मिस्त्री सांगणार आणि मी करणार असं ठरलं. पण मी विचारलेलं त्यांना ऐकू जाईना आणि त्यांनी सांगितलेलं मला नीट कळेना. पहिल्याच दिवशी ते एका बोल्टाकडे हात करून "खोल" म्हणाले, मी तो उघडला. त्यांना दुसराच बोल्ट म्हणायचा होता. ते चिडले. मी ओरडून काहीतरी बोललो. आजूबाजूची माणसं खिडकीत आली.

सुमन ओट्यावरून बघत होती. ती लग्नानंतर बरीच वर्षं लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची. तिथल्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नसतो. तिथली माणसं हातांनी बोलतात. चिमूट म्हणजे धागा, आडवा तळवा म्हणजे थांब, अंगठा आत वळवला की आवळ, बाहेर वळवला की सोड. मुकादम येतोय, जेवायला चल, आज पगार झाला नाही, सगळ्याला खुणा. मिस्त्रींचं आयुष्यही त्याच कारखान्यांच्या भिंतीला लागून गेलेलं. सुमन उठून आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि बोटांनी भराभर काहीतरी म्हणाली.

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. मग हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्याशी कुणीतरी न ओरडता बोललं होतं. त्यांनीही हातांनीच उत्तर दिलं.

"अवो, ते म्हणतात, आधी मधला बोल्ट न्हाय, कडेचे सोडायचे. बांधताना मधून, सोडताना कडंन. न्हायतर हेड वाकतंय," ती मला म्हणाली.

तिथून काम चालू लागलं. सुमन स्वयंपाक उरकून अंगणात यायची आणि आमच्या दोघांच्या मधे बसायची. मिस्त्री तिला बेटी म्हणायचे, ती त्यांना चाचा. मलाही हळूहळू काही खुणा आल्या. आवळ, सोड, तेल, पूस, उलटं, चहा.

इंजिन बांधण्यात ताकदीपेक्षा स्वच्छता जास्त लागते, हे मला तिथे कळलं. भिवंडीत चिंध्यांना तोटा नाही, मी पुसायला पोतंभर सुताचा कचरा आणला होता. मिस्त्रींनी तो उचलून गटारात टाकला. एक धागा जरी तेलाच्या भोकात गेला तरी बेअरिंगला तेल मिळत नाही आणि काही महिन्यांत पुन्हा रॉड बाहेर. मग सुमनच्या जुन्या, धुऊन धुऊन गुळगुळीत झालेल्या साड्या निघाल्या. क्रँक, म्हणजे सगळे रॉड मिळून फिरवतात तो दांडा, लेथवाल्याकडून घासून आणला. लाइनर, पिस्टन, रिंगा नव्या घातल्या. बेअरिंगची प्रत्येक टोपी ज्या जागेवरून निघाली त्याच जागेवर परत जाते, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. मी एकदा दोन आणि पाच अदलाबदल करत होतो. मिस्त्रींनी पान्याने माझ्या बोटांवर टोला दिला. "घर बदलेगा तो आदमी रोएगा," म्हणाले, "इंजन भी."

काम करता करता बेत ठरला. बोलून दाखवला मीच. हे इंजिन चाललं की इथे अंगणातच गॅरेज काढू. जुन्या मॉडेलला हात लावणारं कुणी उरलं नाही, काम भरपूर येईल. नाव तुमचं, हात माझे, भाषा सुमनची. सुमनने ते खुणांनी सांगितलं. मिस्त्रींनी हातातली रिंग पुसून ठेवली. मग म्हणाले, "पहले इसको चालू होने दे." पण दुसऱ्या दिवशी येताना ते हजामत करून, धुतलेला सदरा घालून आले, आणि सोबत त्यांची जुनी हत्यारांची पेटी होती. घरी बसल्यापासून ती त्यांनी उघडली नव्हती.

इंजिन गाडीत बसलं. गाडी अंगणासमोर रस्त्याला लागून उभी. सुरू करायच्या दिवशी गल्ली गोळा झाली. मिस्त्रींचा मुलगाही आला होता, जरा लांब उभा होता. सुमनने बॉनेटला हार घातला. मी केबिनमध्ये चढलो आणि चावी फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं, तिसऱ्यांदा काळा धूर सोडून उठलं. आधी खडबडलं, मग लयीत आलं. तोवर मी कितीतरी वर्षं ट्रक चालवले होते, पण तसा आवाज मी ऐकला नव्हता. भरल्या पोटी झोपलेल्या जनावरासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या ड्रायव्हरने मला खाली ओढून मिठी मारली.

मिस्त्री इंजिनाजवळ उभे होते. एक हात वरच्या झाकणावर ठेवलेला, डोळे बंद. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी हसता हसता थांबलो.

"बंद कर," ते म्हणाले. "तीन नंबर में ठोका है."

ठोका म्हणजे आत रॉडचं बेअरिंग ढिलं असल्याची खूण. मी परत कान लावला. शेजारचा ड्रायव्हर वाकला. तोही जुना माणूस. त्याने मान हलवली. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. सुमनने त्यांना खुणेने विचारलं, नक्की ना?

"मेरा हाथ झूठ नहीं बोलता, बेटी."

मी गाडी बंद केली. मला त्यांचं खरं वाटत होतं की नाही, आता सांगता येणार नाही. एवढं नक्की, की ज्या माणसाने नख फिरवून हे इंजिन निवडलं, त्याच्यापुढे माझ्या कानांची किंमत मी कमी धरली. तेल काढलं. इंजिनाच्या तळाला तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात, ते उतरवलं. गोणपाट अंथरून मी गाडीखाली शिरलो. मिस्त्री म्हणाले, "हट," आणि त्या वयात स्वतः पाठीवर सरपटत आत आले. आम्ही दोघं शेजारी शेजारी पडलेलो, तोंडावर तेलाचे थेंब. तीन नंबरच्या रॉडची टोपी त्यांनी स्वतः सोडली.

बेअरिंग चकचकीत होतं. ओरखडा नाही, निळसर डाग नाही. नटही घट्ट आवळलेलेच निघाले होते. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. टोपी माझ्या हातात दिली आणि दोन नंबरची सोडली. मग चार. मग बाकीच्या सगळ्या. एकेक बेअरिंग उजेडाकडे धरून बघत होते. सगळी नवरीसारखी.

मग ते काहीच करेनात. आधी मला वाटलं, दम लागला असेल. बघितलं तर त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला होता. हात थरथरत होता. बारीक, एका लयीत, ठोके पडावेत तसा. काम करताना पान्यावर घट्ट आवळलेला असायचा, म्हणून त्याचा कंप कधी दिसला नव्हता. मला नाही आणि बहुतेक त्यांनाही नाही. झाकणावर नुसता टेकवला तेव्हा त्यांना लागलेला ठोका इंजिनाचा नव्हता, त्या हाताचा होता.

मी हातातली टोपी पुसत राहिलो. बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं. नंतर कितीतरी वेळा मनात आलं, की त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. सांगितलं असतं, हो मिस्त्री, नट जरा ढिला होता. पण त्यांनी विचारलंच नाही. इंजिनाच्या बाबतीत ते कुणाला विचारत नसत, स्वतः बघत. तसंच त्यांनी हेही स्वतः बघितलं.

ते बाहेर आले. "गाड़ी अच्छी है," म्हणाले. "चेंबर बंद कर दे." बेअरिंगच्या टोप्या आवळायला ते थांबले नाहीत. सुमनने पुढे केलेल्या साबणाने खूप वेळ हात धूत राहिले. ती त्यांच्यासमोर जाऊन खुणा करू लागली, पण त्यांनी तिच्या हातांकडे बघितलंच नाही, नजर खाली ठेवली. न ऐकायचं असलं की बहिऱ्या माणसाला एवढंच करावं लागतं. चहा न घेता ते मुलाबरोबर गेले. हत्यारांची पेटी अंगणातच राहिली.

मी ती पोचवायला गेलो. त्यांनी ती पायाने माझ्याकडे सरकवली. "दुकान तू खोल. मैं बैठने आएगा."

इंजिन उत्तम चाललं. वाड्याच्या रस्त्यावर भरल्या गाडीने चढ चढताना लोक विचारायचे, कुणी बांधलं? मी अन्वर मिस्त्रींचं नाव सांगायचो. ते लोक निजामपुऱ्यात जायचे, तिथून मिस्त्री त्यांना माझ्याकडे पाठवायचे. असं एक इंजिन आलं, मग दुसरं. वर्षभरात मी गाडीवर दुसरा ड्रायव्हर ठेवला आणि पूर्ण वेळ अंगणात काम करू लागलो. लोक मला अन्वर मिस्त्रींचा माणूस म्हणायचे. पुढे नुसतं दत्ता मिस्त्री म्हणू लागले. जे काम त्यांच्याकडे जायचं तेच माझ्याकडे आलं. माझ्या धंद्याची सुरुवात आणि त्यांच्या धंद्याचा शेवट एकाच दुपारी, एकाच गाडीखाली झाला, हे मी कधी विसरू शकलो नाही.

ते बसायला यायचे. आधी आठवड्यातून दोनदा-तीनदा, मग एखाद्या शुक्रवारी नमाजानंतर. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. सुमन असली की दोघं हातांनी खूप बोलायचे. लूमचे दिवस, कोण मेलं, कुणाची सून कशी. इंजिनाबद्दल मात्र नाही. मी मुद्दाम एखादा पार्ट घेऊन दाखवायला जायचो. ते तो हातातही घेत नसत. हात मांडीखाली दाबून बसायचे आणि हनुवटीने सांगायचे, तूच बघ. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळलं तर माझ्याकडे बोट दाखवायचे.

मला त्यांना सांगायचं होतं की एका चुकीने चाळीस वर्षांचं काम खोटं होत नाही. माझ्याही हातून पुढे चुका झाल्या, एकदा तर बांधलेलं इंजिन आठवड्यात परत आलं. हे सगळं सुमनकरवी सांगता आलं असतं. पण असलं बोलणं बायकोच्या हातून कसं बोलायचं, असं वाटायचं. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो. माणूस समोर बसलेला असला की घाई वाटत नाही.

लॉकडाऊननंतर निजामपुऱ्यातले कितीतरी लूम पुन्हा सुरूच झाले नाहीत, भंगारात गेले. मिस्त्रींच्या मुलाचे चार लूम होते. ते घेऊन त्याने मालेगावला जायचं ठरवलं, तिथे त्याचे सासरचे लोक होते. मला कळलं ते त्यांच्या निघायच्या दिवशीच. सुमन तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. मी हातातलं काम टाकून, तेलकट कपड्यांनिशी रिक्षाने बायपासवर गेलो.

बस उभी होती. मुलगा टपावर सामान चढवत होता. मिस्त्री बसमध्ये खिडकीशी बसले होते, अंगावर शाल, बरेच वाळलेले. मला बघून त्यांना आनंद झाला. मी खिडकीखाली उभा राहिलो. सांगायचं होतं ते सगळं त्याच वेळी वर आलं. मी हात उचलले. आवळ, सोड, तेल, पूस, उलटं, चहा. इंजिन बांधण्यापुरत्या खुणा मला येत होत्या. त्यांतली एकही कामाची नव्हती.

मग मी तोंडानेच बोललो. म्हणालो, "मिस्त्री, माझं घर तुमच्यामुळे चाललं. ते इंजिन तुम्ही बांधलं होतंत, मी नाही. त्यात काही खोट नव्हती, तुमच्यातही नव्हती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." आजूबाजूची माणसं बघायला लागली, इतक्या मोठ्याने मी बोलत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी तेलकट बाहीला पुसलं.

मिस्त्री माझ्या ओठांकडे लक्ष देऊन बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

"हाँ हाँ," ते म्हणाले, "शाम तक पहुँचा देगी."

मी पण मान हलवली. बस सुरू झाली. मुलगा घाईने आत चढून त्यांच्या शेजारी बसला आणि त्याने काहीतरी विचारलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. बस निघाली तरी मिस्त्रींचं उत्तर मला रस्त्यावर स्पष्ट ऐकू आलं.

"कुछ नहीं. दत्ता टाइम पूछ रहा था."